भेगा बघणारे हर्डीकर

हर्डीकरांबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं, आणि वाईट लिहावं असं त्या माणसाने काही मागे ठेवलेलं नाही. त्यामुळे इतके दिवस मी काही लिहिलंच नव्हतं. पण परवा आमच्या प्रयोगशाळेत एक नवी मुलगी रुजू झाली आणि दारातच तिने मला विचारलं, "मैम, हर्डीकर सर वाली लैब यही है ना?" दारावरच्या पाटीवर नाव माझं आहे. शैलजा मोहिते, प्रयोगशाळा प्रमुख. अक्षरं चांगली ठळक आहेत, मी स्वतः उभी राहून रंगवून घेतली आहेत. मी तिला म्हणाले, "हो, हीच." आणि त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

आमची प्रयोगशाळा ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये, एका बँकेच्या मागच्या अंगाला आहे. लोक तिथे धातूच्या वस्तू घेऊन येतात. पंपाचे दांडे, गिरणीचे रोलर, क्रेनचे हूक, काय वाट्टेल ते. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: याला भेग आहे का? डोळ्यांना दिसणारी भेग कुणालाही कळते. आमच्याकडे येतात ते न दिसणाऱ्या भेगेसाठी.

ती शोधायची माझी पद्धत जुनी आणि सरळ. वस्तू स्वच्छ करायची, तिच्यावर पातळ लाल रंग लावायचा, रंग आत मुरेपर्यंत थांबायचं, मग वरचा सगळा रंग पुसून पांढऱ्या पावडरीचा फवारा मारायचा. भेग असली तर आत शिरलेला रंग हळूहळू वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेष उमटते. वर्षानुवर्षं हे काम करून माझ्या नखांच्या कडा कायमच्या गुलाबी झाल्या आहेत. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, कुठलं नेलपेंट गं हे? पण गावात माझं नाव होतं. लोक दारातूनच हाक मारायचे, "मोहिते मैडम हैं क्या?" हे वाक्य ऐकण्यासाठी मी रजेच्या दिवशीसुद्धा लॅबमध्ये चक्कर टाकलेली आहे. आमचे प्रमुख भदौरिया सर निवृत्त झाले की त्यांची खुर्ची माझी, हे मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई अशा तिघांनी घरी बसून केव्हाच ठरवून टाकलं होतं.

आणि मग मोरेश्वर हर्डीकर आले. एक लेझर, एक थर्मल कॅमेरा आणि एक श्रीखंडाचा जुना डबा घेऊन.

माणूस दिसायला काहीच नाही. उंची बेताची, शर्टाची वरची गुंडी लावलेली, उजव्या हाताची करंगळी लहानपणी क्रिकेट खेळताना मोडून वाकडीच जुळलेली. तेही आमच्यासारखेच इथले मराठी. त्यांचे पूर्वज पूजाअर्चा सांगायला दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून आले, आमचे तलवारी घेऊन. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "ते लोक आले तेव्हा किल्ला आपणच सांभाळत होतो." तेवढाच एक मुद्दा माझ्या बाजूने होता, आणि तोही कामाचा नव्हता.

त्यांची पद्धत अशी. लेझरचा बारीक ठिपका धातूवर सोडायचा. तिथे धातू तापतो आणि ती उष्णता चारी बाजूंना सारखी पसरते. कॅमेरा ती पसरताना बघतो, पडद्यावर गोल उजळ ठिपका दिसतो. मध्ये भेग असली तर उष्णता तिथे अडते. गोल ठिपक्याची एक बाजू कापल्यासारखी सरळ होते, अलीकडे गरम आणि पलीकडे थंड. रंग नाही, पावडर नाही, नखं गुलाबी नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं, आणि सुंदर वाटलं याचाच मला अतिशय राग आला.

पहिल्याच दिवशी भदौरिया सरांना यंत्र बघायचं होतं. हर्डीकरांनी एक चकचकीत पोलादी पाटी ठेवली होती. सर पुढे झाले, पडद्यावर नजर टाकली आणि ओरडले, "अरे बाप रे! इतना बड़ा क्रैक?" पडद्यावर खरोखरच एक मोठा गोल, उजळ डाग होता. सर घाबरून मागे सरकले, तर डागही मागे सरकला. पुढे आले, तर तोही आला. चकचकीत धातू कॅमेऱ्याला आरशासारखाच असतो, समोर जे गरम असेल ते त्यात दिसतं. हर्डीकर हळूच म्हणाले, "सर, ये आप हैं." सरांच्या पोटाची उष्णता होती ती. मी तोंडाला पदर लावला, पण कुणी हसलं नाही, कारण हर्डीकर हसले नव्हते. त्यांनी लगेच पाटीवर काळा रंग मारून दाखवला. म्हणाले की ही चूक प्रत्येकाकडून एकदा होते, त्यांच्याकडून तर तीन दिवस होत होती. सर एकदम खूश. त्या दिवसापासून ते त्यांना "हर्डीकर जी" म्हणायला लागले. मला इतक्या वर्षांत "जी" मिळालेला नव्हता.

हर्डीकरांच्या सवयींनी आम्हा सगळ्यांना जेरीला आणलं होतं. मोजमाप चालू असताना खोलीत वारा नको, म्हणून एसी बंद. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये! बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय आणि आत हे गृहस्थ हिरवा चष्मा लावून, गुंडी न उघडता बसलेले. एक मोजणी झाली की धातू पुन्हा खोलीइतका थंड होईपर्यंत दुसरी करायची नाही. मी एकदा म्हटलं, अहो, एकदा दिसलं ना, लिहून टाका. तर म्हणाले, "गरम असतानाचं मत गरमच असतं, ताई. जरा थांबू ना, काय फरक पडतो." या थांबण्यात त्यांचा चहा रोज थंड व्हायचा, आणि तो तसाच, वरच्या सायीसकट, ते मन लावून प्यायचे. मला ते बघवत नसे.

सगळ्यात कडक नियम हाताचा. तपासायच्या वस्तूला, टेबलाला, तिथल्या कशालाच उघड्या हाताने शिवायचं नाही. ते स्वतः आधी गार पाण्याने हात धुवायचे, मग सुती हातमोजे घालायचे आणि चिमट्याने वस्तू उचलायचे. कुणी चुकून बोट टेकवलं की म्हणायचे, "हात नको ना. तुम्ही विसराल, कॅमेरा लवकर नाही विसरत." आणि खरंच, बोट उचलल्यावरही पडद्यावर त्या बोटाचा ऊबदार ठसा कितीतरी वेळ राहायचा. त्यांचा स्वतःचा ठसा मात्र मी तिथे कधीही पाहिला नाही.

श्रीखंडाच्या डब्यात त्यांची "मंडळी" असायची. पोलादाचे छोटे तुकडे, प्रत्येकाला मुद्दाम पाडलेली एक बारीक चीर, तिची खोली आणि रुंदी आधीच मोजलेली. नवी भेग सापडली की ते मंडळींना एकेक करून तेवढाच ताप द्यायचे आणि बघायचे, कुणाशी हिचं जास्त जमतं. तेव्हा कुठे तोंडातून भेगेची खोली बाहेर पडायची. माझ्या लाल रेषेवरून लांबी कळते, खोली कळत नाही. हे ते कधी बोलून दाखवत नसत. ते मला आपोआप कळायचं, आणि न बोलल्यामुळे जास्त कळायचं.

आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "दोन्ही बाजूंनी बघू ना." पडद्यावर रेष दिसली म्हणजे ती भेगच असते असं नाही, नुसता ओरखडाही उजळ दिसतो. म्हणून ते लेझर आधी रेषेच्या डावीकडे सोडत. डावीकडे गरम, उजवीकडे थंड. मग उजवीकडे सोडत. चित्र उलटलं तर भेग, कारण उष्णता दोन्ही वेळा अडली. ओरखड्यावरून उष्णता बिनधास्त पलीकडे जाते. एका बाजूने बघून त्यांनी कधीही हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

ही सवय ते माणसांनाही लावायचे, तिथे तर माझी फारच पंचाईत झाली. आमच्या मराठी मंडळाची मी सचिव. एका वर्षी गणपतीत भांडण पेटलं. कार्यक्रमाचं निवेदन हिंदीत करायचं म्हणून तरुण मुलं हटून बसली, आणि ज्येष्ठांनी सांगितलं की मग आरतीलाही आमची वाट बघू नका. नया बाज़ारातल्या सभागृहात मी बैठकांवर बैठका घेतल्या, घसा बसला, दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. शेवटच्या बैठकीला हर्डीकर आले, मागच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बात अशी आहे की, आपण एक करून बघू. नाना, तुम्ही मुलांचं म्हणणं सांगा. आणि रोहन, तू नानांचं सांग." मग ज्येष्ठांतले नाना खाकरून उठले आणि म्हणाले की यांच्या मित्रांना मराठी कळत नाही, ते बिचारे नुसते टाळ्या वाजवतात, त्यांनाही सामील करून घ्यावं असं यांना वाटतं. मुलांमधला रोहन उठला, "आजोबा लोगों को... मतलब नानांना असं वाटतं की इथे पण मराठी नाही बोललो, तर मग कुठे बोलणार? घर में तो हम बोलते ही नहीं." त्याने बाहीने नाक पुसलं. नानांनी डोळे पुसले. अर्धं निवेदन मराठीत, अर्धं हिंदीत असं ठरलं. नेमकं हेच मी पहिल्या बैठकीत सुचवलं होतं! इतिवृत्तात आहे. पण घरी जाताना आमचे हे मला स्कूटरवर म्हणाले, "काय माणूस आहे ना हर्डीकर?" मी महाराज बाड्याच्या चौकापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

भदौरिया सरांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. हिवाळ्यातला मेळा, इथली मोठी जत्रा, तोंडावर आलेला. इकराम भाई म्हणून एकजण मेळ्यात मोठा पाळणा लावतात. पाळण्याचे डबे ज्या जाड पिनांवर लटकतात, त्या सगळ्या पिना टेम्पोत घालून ते आमच्याकडे आले. दारातून त्यांनी हाक मारली, "मोहिते मैडम हैं क्या?" माझा जीव सुपाएवढा झाला. खुर्ची कुणाला द्यायची हे सर त्याच आठवड्यात वर कळवणार होते, आणि असं काम सगळ्या शहराच्या डोळ्यांसमोरचं.

पिना अशा लखलखीत की तोंड दिसावं. मी मन लावून काम केलं. रंग, थांबणं, पुसणं, पावडर. एका पिनेवर खांद्यापाशी लाल रेष उमटली, पातळ पण स्वच्छ. बाकी सगळ्या निर्दोष. मी ती पिन बाजूला काढली आणि सांगितलं, ही बाद.

इकराम भाईंचा चेहरा पडला. "मैडम, नई पिन बनवाने में मेला निकल जाएगा। एक बार... हर्डीकर साहब भी देख लें?" इतकं मऊ बोलले की रागावताही येईना. सर म्हणाले, "हओ, दिखा लो।"

खरं सांगायचं तर हर्डीकरांनी ती पिन चांगली आहे म्हणावं असं मला वाटत होतं. कारण रेष खरी होती हे मला पक्कं माहीत होतं. एकदा, फक्त एकदा, तो माणूस सर्वांसमोर चुकावा, एवढीच माझी इच्छा होती.

त्यांनी पिनेवर काळा रंग मारला, एसी बंद केला, हात धुतले. डावीकडून बघितलं. थांबले. उजवीकडून बघितलं. चित्र उलटलं. मग डबा उघडून मंडळींशी गाठ घालून दिली आणि म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे. भेगच आहे, आणि खोल आहे. इकराम भाई, ये नहीं चलेगी।" मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण क्षणभरच. कारण ते उठले नाहीत. बाजूला ठेवलेल्या बाकीच्या पिनांकडे बघत त्यांनी विचारलं, "ये इतनी चमक कैसे रही हैं?"

इकराम भाई अभिमानाने म्हणाले, "साहब लोगों के पास लानी थी, तो लड़कों से रेगमाल मरवा के लाए। तेल-मैल लगी चीज़ थोड़े ही रख देते आपके सामने।"

रेगमाल म्हणजे पॉलिश पेपर. पॉलिश पेपर जोरात घासला की वरचा धातू किंचित ओढला जातो आणि भेगेचं तोंड लिंपून टाकतो. तोंडच बंद असेल तर माझा लाल रंग आत शिरणार कुठून? पहिलीच्या खांद्याच्या कोपऱ्यात कागद नीट पोचला नसणार, म्हणून तेवढी सापडली. मानाने आणलेल्या त्या पिनांनी माझी पद्धत आंधळी करून टाकली होती. हर्डीकरांनी सगळ्या पिना पुन्हा बघायला घेतल्या. दोन दिवस खोलीत वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी पास केलेल्या एका पिनेवर त्यांचा गोल ठिपका एका बाजूने कापला गेला. ते थांबले. उजवीकडून बघितलं. मग चष्मा काढून माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडलेला होता.

त्या पिनेला लहान मुलांनी भरलेला डबा लटकला असता. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

आत सर विचारत होते, कुणी पकडलं? दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. हर्डीकर म्हणाले, "सर, मैडम ने पहली वाली न पकड़ी होती तो मैं बाकी को हाथ भी नहीं लगाता। और पालिश के बाद वह तरीका काम ही नहीं करता, इसमें उनकी कोई ग़लती नहीं है।" अहवालावर त्यांनी दोघांची नावं घातली, माझं पहिलं. आणि मेख अशी की त्यांनी सांगितलेला प्रत्येक शब्द खरा होता. ते माझ्यावर उपकार म्हणून खोटं बोलले असते, तर मला त्यांचा तिरस्कार तरी करता आला असता. तेवढीही सोय त्या माणसाने ठेवली नाही.

आठवड्याअखेर सरांनी मला बोलावलं. "बधाई हो मोहिते जी।" जी! खुर्ची मला मिळाली होती. सर चहा ओतता ओतता म्हणाले, "सच कहें तो हमने पहले हर्डीकर जी से पूछा था। बोले, मैडम को दीजिए, हमें लोगों से बात करना नहीं आता।"

ज्याने नाना आणि रोहनला एका बैठकीत रडवलं, त्याला लोकांशी बोलता येत नाही! माझी खुर्ची, जिची इतकी वर्षं मी वाट बघितली, ती त्यांनी ताटातली नको असलेली भाजी शेजारच्याला वाढावी तशी माझ्याकडे सरकवली होती. घरी पेढे वाटले. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. मी पेढा तोंडात घातला आणि तो कितीतरी वेळ तसाच ठेवून दिला.

पुढे वर्षभर मी त्यांची साहेब होते. ते मला मान देत, वेळेवर येत, चहा थंड करून पीत. लोक माझ्या केबिनवरून पुढे जाऊन त्यांचं दार वाजवत. मी त्या यंत्रासमोर एकदाही बसले नाही. मग त्यांचीही निवृत्ती आली. मुलगी बडोद्याला, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं होतं. निरोपाचे हार, समोसे, भाषणं सगळं उरकून मंडळी पांगली, तेव्हा ते माझ्या दारात आले.

"शैलाताई, आज तरी बसा ना यंत्रावर. तुम्ही कधी बसलाच नाहीत."

"मला कुठे जमतंय हे सगळं."

"तुमच्याइतका डोळा इथे कुणाचा आहे? मी तर नेहमी घाबरायचो, तुम्ही बसलात तर माझं काय राहील."

मी त्यांच्याकडे बघितलं. थट्टा करत असावेत म्हणून नीट बघितलं. ते थट्टा करत नव्हते. इतकी वर्षं मी एकाच बाजूने बघत होते.

मी बसले. त्यांनी एसी बंद केला, मला चष्मा दिला, मंडळींतला एक तुकडा चिमट्याने समोर ठेवला. डावीकडे ठिपका. थांबा. उजवीकडे ठिपका. चित्र उलटलं. "झालं की," ते म्हणाले, आणि श्रीखंडाचा डबा माझ्या बाजूला सरकवला. मग गुडघा धरून उठले. उठताना आधाराला त्यांनी हात टेकला, उघडा, न धुतलेला, टेबलाच्या काळ्या फळीवर. त्यांच्या लक्षातही आलं नाही. "निघतो हं ताई. उकाड्यात बसू नका जास्त." आणि गेले.

मी पडद्याकडे वळले तर तिथे त्यांचा पंजा होता. पाचही बोटं, तळव्याची गोलाई आणि बाहेर वळलेली ती वाकडी करंगळी. जिथे कुणाला बोट लावू दिलं नाही, तिथे अख्खा हात. कडांनी तो विझायला लागला होता. का ते माहीत नाही, पण मी माझा हात त्याच्या शेजारी दाबून धरला आणि उचलला. पडद्यावर दोन हात शेजारी शेजारी उमटले. माझा जास्त उजळ होता. हर्डीकरांपेक्षा जास्त उजळ मी काही दाखवलं, असं ते पहिल्यांदाच, आणि बघायला ते नव्हते. मी दाराकडे धावायला हवं होतं, पण पडद्यावरून नजर हलवली तर तेवढाही ठसा हातचा जाईल असं वाटलं. म्हणून तिथेच बसून राहिले, एसी बंद, घामाने चिंब. करंगळी सगळ्यात आधी गेली, मग बोटं, मग तळवा. बाहेर त्यांची स्कूटर सुरू झाली तेव्हा पडद्यावर माझा एकटीचा हात उरला होता.